वल्हे, बांबू, पेडल की दोर? अंगबळावर चालणाऱ्या होडीची कार्यक्षमता स्वतः कशी मोजावी

पैठणचा नाथसागर भरला की त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. साठा १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. साठ्याला क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली जेमतेम ८ मीटर निघते. पाणी इतके पसरट असल्यामुळे गोदावरीच्या जुन्या पात्रावर बांबू तळाला लागत नाही, आणि कडेला, जिथे पाणी उतरले की गाळपेरा होतो, तिथे तोच बांबू कमरेइतक्या पाण्यात टेकतो. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, मांजरा, विष्णुपुरी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र. या पाण्यांवर मासेमारी करणारी मंडळी थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, पत्र्याच्या नाहीतर फायबरच्या होडीत बसून जाळी टाकतात. फुगवट्याने रस्ता तुटलेल्या वस्त्यांवरची माणसेही चप्पूनेच पलीकडे जातात. इंजिन आणि डिझेल परवडत नाही तिथे सगळा भार खांद्यांवर आणि मनगटांवर येतो.

अंगातल्या ताकदीने होडी हाकायच्या रीती बऱ्याच आहेत. त्यांतली कोणती रीत किती ताकद पाण्यात वाया घालवते ते कसे ओळखायचे आणि आपल्याच होडीवर कसे मोजायचे, ते इथे क्रमाने दिले आहे. साहित्य थोडेच लागते: हुकाचा डिजिटल काटा, लांब दोर, मोजपट्टी, मोबाइल आणि दोन मदतनीस.

आधी हिशेब

धडधाकट पण विशेष सराव नसलेला माणूस तासन्‌तास टिकेल अशी साधारण ७५ वॉट ताकद देऊ शकतो. सरावाचा माणूस तासभर १५० वॉट काढतो. शर्यतीत उतरणारे वल्हेपटू काही मिनिटे ४०० वॉटच्या वर जातात, पण तो आकडा रोजच्या कामाला धरून चालत नाही. शिवाय एवढे काम बाहेर काढायला शरीर त्याच्या चारपटीहून जास्त ऊर्जा जाळते. उरलेली उष्णता होते. ७५ वॉटने तासभर होडी हाकली तर जवळपास २९० किलोकॅलरी खर्च होतात आणि अंगात अडीचशे वॉटच्या शेगडीएवढी उष्णता तयार होते. मे महिन्यात भर दुपारी वल्हवणारा माणूस लवकर गळून जातो, त्याचे हे मोठे कारण.

ही ७५ वॉट दोन ठिकाणी जाते. एक भाग होडीला पाणी फाडायला लागतो, तो टळत नाही. दुसरा भाग वल्ह्याने किंवा पंख्याने (प्रोपेलरने) मागे ढकललेल्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यालाच तोटा म्हणायचे. चिखलातून चालताना पाय मागे घसरतो आणि तेवढी मेहनत फुकट जाते, तसेच पाण्याला रेटताना होते. पाणी जागचे हलते.

हा तोटा कमी करायची किल्ली एका साध्या हिशेबात आहे. समजा २० किलो पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने मागे ढकलले. तेवढाच रेटा १० किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने ढकलूनही मिळतो. पण पहिल्यात १० ज्यूल ऊर्जा पाण्यात गेली, दुसऱ्यात २० ज्यूल. रेटा सारखा, तोटा दुप्पट. म्हणून जास्त पाणी सावकाश ढकलणारे साधन नेहमी पुढे राहते, आणि लहान पाते जोरजोरात मारणारा माणूस लवकर दमतो. आणि पाण्याला रेटायचेच नसेल, म्हणजे जमिनीला किंवा ताणलेल्या दोराला रेटा देता आला, तर हा तोटा जवळजवळ शून्यावर येतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि पेडल-पंख्याच्या कौतुकात तीच हमखास मागे पडते.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. १.५ मीटर प्रति सेकंद वेगाला (ताशी ५.४ किलोमीटर) होडीला ४ किलोची ओढ लागत असेल, तर ताकद झाली ४ × ९.८१ (किलोचे न्यूटन करायला) × १.५ म्हणजे ५९ वॉट. तीच होडी २ मीटर प्रति सेकंदाने न्यायची तर ओढ ७.१ किलो आणि ताकद १४० वॉट. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, मेहनत अडीचपटीजवळ गेली.

शिवाय प्रत्येक होडीला तिच्या लांबीने एक वेस आखून दिलेली असते. पाण्यावर टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.२५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे मीटर प्रति सेकंदातला तो वेग, जिथे होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. ४ मीटरच्या होडीला तो २.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आतच राहायचे, असे धरून चाला.

रीती, आणि त्यांत काय वाया जाते

बांबू. उथळ पाण्यात याला तोड नाही. रेटा तळाला मिळतो, घसरण नसते, आणि अंगाचे वजन झोकून देता येते. तोटा होतो तो बांबू पाण्यातून पुढे ओढून आणताना आणि गाळात रुतल्यावर. रुतण्यावर उपाय सोपा आहे. बुडाशी तळहाताएवढी लाकडी चकती नाहीतर दुबेळके ठोकायचे. चकती फार मोठी केली तर गाळ तिला धरून ठेवतो आणि माणूस बांबूला लटकतो. दीड ते दोन मीटर खोलीपर्यंत हीच रीत घ्यावी. त्यापुढे प्रत्येक रेट्यात बांबू टेकवण्यातच वेळ जातो.

दोर. दोन काठांना खुंटे रोवून दोर ताणायचा आणि होडीत बसून हातावर हात घेत पलीकडे जायचे. इथेही पाण्याला रेटा नाहीच. चप्पूसारख्या बोथट तराफ्याला १ मीटर प्रति सेकंदाला ६ किलो ओढ लागते असे धरू. वेग निम्मा केला की ओढ दीड किलोवर येते आणि ताकद ५९ वॉटवरून साडेसात वॉटच्या आत. १५० मीटरचे पाणी ५ मिनिटांत पार होते आणि अंगाला घाम येत नाही. ठरलेल्या दोन जागांमध्येच ये-जा असेल तर कुठलेही वल्हे नाहीतर पंखा याच्या जवळ येत नाही. दोन्ही काठांना कप्पी लावून दोराचे अखंड कडे केले तर रिकामी होडी कुठल्याही काठावरून ओढून घेता येते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. हे ध्यानात ठेवून घ्यावा. दोर पाण्याच्या वर दिसेल असा ठेवून त्याला रंगीत फडकी बांधा. इंजिनाची होडी येणारी वाट असेल तिथे दोर बांधूच नका.

एक गोष्ट निक्षून सांगतो. मुलांना थर्माकोलच्या तुकड्यावर बसवून शाळेला पाठवणे दोराने सुरक्षित होत नाही. त्या वस्त्यांना पूलच हवा. तोवर निदान कठडा असलेली होडी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि दोरावर मोठे माणूस, याहून कमी काही चालवून घेऊ नये.

हातातले एकपाती वल्हे. स्वस्त, हलके, आणि माणूस पुढे बघत बसतो. पण ताकद खांदे आणि कंबर यांचीच, आणि एका बाजूने मारले की नाक वळते. ते सरळ करण्यात प्रत्येक फटक्याचा थोडा हिस्सा जातो. चप्पूवर हातभर फळी घेऊन वल्हवतात तिथे पाते इतके लहान असते की वर सांगितलेला दुप्पट तोटा हमखास होतो. पात्याची रुंदी २० सेंटीमीटर आणि लांबी ४५ सेंटीमीटरच्या आसपास केली की त्याच दमात फरक जाणवतो.

दुपाती वल्हे, म्हणजे कयाकचे, अरुंद होडीवर चांगले चालते. नाक वळत नाही आणि फटका संपता संपता दुसऱ्या बाजूचा सुरू होतो. १९८० च्या दशकात स्वीडनमधून पंखासारखे वाकलेले पाते आले. ते सरळ मागे ओढायचे नसते, ओढता ओढता बाहेर सरकवायचे असते, आणि पक्ष्याच्या पंखासारखा उचल देणारा जोर त्यातून मिळतो. शर्यतीत आज तेच दिसते. रुंद होडीवर मात्र दुपाती वल्ह्याचा उपयोग नाही. हात काठापलीकडे पोचत नाहीत.

खुंटीतली वल्ही. होडीच्या दोन्ही काठांवर खुंट्या, त्यांत अडकवलेली दोन लांब वल्ही, आणि माणूस मागे तोंड करून बसलेला. मराठवाड्यातल्या मासेमारीच्या होडीला माझी पहिली शिफारस हीच. पाठ, पाय आणि हात तिन्हींची ताकद लागते, पाते लांबवर फिरत असल्याने पुष्कळ पाणी सावकाश हलते, आणि मोडले तर गावातला सुतार नवे करून देतो. चांगल्या वल्ह्याचे पाते सत्तर-पंचाहत्तर टक्के ताकद होडीला देते. पण हे मापावर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे वल्ही सर्रास आखूड असतात. माप असे काढा: दोन खुंट्यांमधले अंतर घ्या, निम्मे करा, ५ सेंटीमीटर मिळवा. हा झाला वल्ह्याचा आतला भाग. त्याला ७ ने भागून २५ ने गुणा. ती पूर्ण लांबी. खुंट्यांत १२० सेंटीमीटर अंतर असेल तर आतला भाग ६५ आणि वल्हे २३२ सेंटीमीटर. आतला भाग नेमका खुंटीवर बसावा म्हणून तिथे चामड्याची नाहीतर रबरी पट्टी गुंडाळून खिळवा. पाय टेकायला आडवी फळी ठोकायची विसरू नका. पाय टेकले नाहीत तर पाठीची निम्मी ताकद बसल्या जागीच जिरते.

शर्यतीच्या नावेत बैठकच चाकांवर सरकते, त्यामुळे मांड्यांचा पूर्ण जोर वल्ह्यात येतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातून आलेले दत्तू भोकनळ याच प्रकारात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला उतरले आणि तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. जाळी टाकणाऱ्या होडीत सरकती बैठक अडचणीची, तिच्या मागे लागू नये.

मागचे एकच वल्हे. होडीच्या शेपटीला खाचेत एक लांब वल्हे ठेवून ते डावी-उजवीकडे हलवायचे आणि प्रत्येक वळणाला मनगटाने पाते तिरके करायचे. चीनमध्ये आणि जपानमध्ये शतकानुशतके हे चालत आले आहे. पाते पाण्यातून बाहेर येतच नाही आणि पंख्याच्या पात्यासारखे काम करते. नांदेडकडे जलपर्णीने पात्र भरते, तिथे मधल्या चिंचोळ्या वाटेने जायला याच्याइतके सोयीचे काही नाही, दोन्ही बाजूंना पसरलेली वल्ही तिथे फिरवताच येत नाहीत. शिकायला वेळ लागतो हे मात्र खरे.

पायचाक. बागेतल्या तळ्यावर बदकाच्या आकाराच्या पेडल बोटी असतात, त्यांतले फळ्यांचे चाक. सगळ्यांत मागे हेच. एका वेळी खालची एखाद-दुसरी फळीच कामाची, पाण्यात शिरणारी फळी पाणी खाली दाबते आणि बाहेर पडणारी ते वर उचलते. त्यात होडी रुंद आणि बोथट. पायांची निम्मी ताकद जरी होडीला मिळाली तरी पुष्कळ. गुण म्हणावा तर एवढाच की उथळात चालते आणि गवत गुंडाळले तरी हाताने काढता येते.

पेडल आणि पंखा. मोकळ्या, खोल पाण्यावर लांबचा पल्ला असेल तर ही रीत सर्वांत वरची. पायांतून नुसत्या हातांपेक्षा बरीच जास्त ताकद सतत निघते, पंखा न थांबता फिरतो, आणि पंखा मोठा व सावकाश फिरणारा असेल तर ऐंशी टक्क्यांवर ताकद होडीला मिळते. साखळी-गिअरमधली घट धरूनही पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ राहता येते. इथे अट मोठ्या पंख्याची आहे. आउटबोर्ड इंजिनाचा वीतभर पंखा लावला तर सगळा फायदा जातो, तो हजारो वॉटसाठी घडवलेला असतो. अंगबळाला ४० ते ४५ सेंटीमीटर व्यासाचा, दोन अरुंद पात्यांचा पंखा घ्या. गिअरचा हिशेब: होडी १.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला १०२ मीटर. घसरण १५ टक्के धरली तर पंख्याने मिनिटाला १२० मीटर कापायला हवेत. एका फेरीत पंखा ४५ सेंटीमीटर पुढे जाणारा असेल तर मिनिटाला २६७ फेऱ्या. पाय मिनिटाला ६५ वेळा फिरतात, तेव्हा एकास चार गिअर हवा. सायकलचे ४८ दात्यांचे मोठे चक्र आणि १६ दात्यांचे छोटे घेतले तर तीनपट मिळते. उरलेले काटकोनी गिअरपेटीत बसवावे लागते.

या रीतीची कमाल कुठवर जाते पाहा. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेत बॉस्टनजवळ चार्ल्स नदीवर मार्क ड्रेला यांनी एमआयटी या तंत्रविद्यापीठात बनलेली डेकाव्हिटेटर ही पेडलची होडी १०० मीटरवर १८.५ नॉट वेगाने नेली, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. पाण्याखालच्या पात्यांनी होडी वर उचलली जात होती आणि पंखा हवेत फिरत होता, त्याचा व्यास सुमारे ३ मीटर. मोठा पंखा आणि पाण्याला कमीत कमी स्पर्श, दोन्ही सूत्रे एकाच जागी आली होती.

पेडलने हलणारे पर असलेली कयाकही बाजारात मिळते. होबी कंपनीच्या मिराज ड्राइव्हमुळे ती रीत रुळली. पर तळाला चिकटून दुमडतात, म्हणून उथळात ती पंख्यापेक्षा बरी. किंमत मासेमाराच्या आवाक्याबाहेर आहे.

पायरी १: जागा आणि वेळ

पहाटे, वारा उठायच्या आत. दुपारच्या वाऱ्यात केलेले माप फेकून द्यावे लागते. ताशी २० किलोमीटर समोरचा वारा, होडीचा वेग १.५ मीटर प्रति सेकंद, बसलेल्या माणसाचा आणि होडीचा वाऱ्याला लागणारा भाग ०.८ चौरस मीटर. एवढ्यावर वारा सुमारे २.४ किलो विरोध करतो. पाण्याचा विरोध ४ किलो असताना हा भार निम्म्याहून जास्त झाला.

कोल्हापुरी बंधाऱ्यामागचे थांबलेले पाणी किंवा गावचा पाझर तलाव यासाठी उत्तम. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्यात येतो, तिथे वनविभागाची आणि जलसंपदा विभागाची परवानगी घेतल्याशिवाय प्रयोग करू नका. कालव्यात अजिबात उतरू नका; अस्तरीकरणाच्या उतारावर पाय ठरत नाही आणि धार ओढून नेते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचेही तेच, आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळींचे बुंधे आणि कुणाची लावलेली जाळी आधी विचारून, पाहून घ्या. होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे, पोहता येत असले तरी.

पायरी २: होडीची ओढ मोजा

हे मोटारीशिवाय, फार सोप्या पद्धतीने होते. काठाला लागून सपाट मोकळी जमीन निवडा. होडी पाण्यात ७० मीटर आत न्या, रोजचे वजन तिच्यात ठेवा. नाकाला हलका दोर बांधून त्याचे टोक काठावर आणा. टोकाला हुकाचा काटा, आणि काट्याच्या अलीकडे सायकल ट्यूबच्या रबराचा तुकडा, म्हणजे काट्यावरचा आकडा थरथरणार नाही. एका माणसाने काटा धरून पाण्याकडे पाठ करून जमिनीवरून एकसारख्या चालीने ५० मीटर चालत जायचे. त्याचा वेग तोच होडीचा वेग. ५० सेकंदांत गेला तर १ मीटर प्रति सेकंद, ३३ सेकंदांत गेला तर १.५. दुसऱ्याने शेजारून चालत काट्याचा व्हिडिओ घ्यायचा. पहिले १५ मीटर सोडून द्या, तोवर होडी वेग घेत असते.

तीन वेगवेगळ्या चालींनी, प्रत्येक चाल तीनदा. आकडे आलेखाच्या कागदावर मांडा आणि हाताने वाकडी रेघ काढा. ही रेघ तुमच्या होडीचा जन्मदाखला. चप्पू आणि अरुंद होडी दोन्ही मोजल्या तर डोळे उघडतात. ६ किलो ओढीचा तराफा १ मीटर प्रति सेकंदाने नेणे आणि ४ किलो ओढीची होडी १.५ ने नेणे, दोन्हीला ५९ वॉटच लागतात. साधन तेच, माणूस तोच, आणि अंतर दीडपट. पैसे थोडे असतील तर ते आधी होडीच्या आकारावर घाला, मग वल्ह्यावर, आणि पंख्याचा विचार सर्वांत शेवटी.

पायरी ३: माणसाची ताकद मोजा

२५ सेंटीमीटर उंचीची भक्कम पायरी घ्या. मोबाइलवर ठोक्याचे ॲप लावून मिनिटाला ३० वेळा तिच्यावर चढा-उतरा, पाच मिनिटे. ६५ किलोच्या माणसाची ताकद: ६५ × ९.८१ × ०.२५ × ३० ÷ ६० = ८० वॉट. पाचव्या मिनिटाला नाडी मोजा. समजा १२० आली. मग होडीत १२० नाडीवर काम करताना तो माणूस साधारण ८० वॉटची मेहनत घेतो आहे असे धरायचे.

यात एक गोम आहे आणि ती लपवून चालणार नाही. तेवढ्याच वॉटला हातांच्या कामात नाडी पायांपेक्षा वर जाते. म्हणून या मापाने वल्ह्याचा आकडा पेडलपेक्षा थोडा खाली दिसेल, पाते उत्तम असले तरी. नुसत्या साधनाची कार्यक्षमता हवी असेल तर हे माप अपुरे आहे. पण माणूस किती दमून किती पुढे गेला हे विचारायचे असेल, आणि जाळी टाकून परत यायचे आहे त्याला तेच विचारायचे असते, तर नाडीचे माप अगदी योग्य आहे.

पायरी ४: पळवून पाहा

काठावर १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवा, एकामागे एक. दोन बांबू एका रेषेत दिसले की ती सीमा. सीमेच्या २० मीटर आधीपासून वेग धरा. नाडी ठरलेल्या आकड्यावर स्थिर होईपर्यंत पाच मिनिटे आधी वल्हवून घ्या, मगच घड्याळ लावा. जाऊन-येऊन दोन्ही वेळा घ्या आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा. प्रत्येक रीत तीनदा, आणि रीतींचा क्रम बदलत राहा, नाहीतर शेवटच्या रीतीवर थकव्याचा बोजा पडतो.

आता उदाहरणासाठी मानलेले आकडे. नाडी १२०, मेहनत ८० वॉट. पेडल-पंख्याने १०० मीटरला ६७ सेकंद लागले, वेग १.४९. आलेखावर त्या वेगाला ओढ ३.९६ किलो, गुणाकार करून ५८ वॉट. कार्यक्षमता ७२ टक्के. खुंटीतल्या वल्ह्यांनी ७४ सेकंद, वेग १.३५, ओढ ३.२४ किलो, ४३ वॉट, कार्यक्षमता ५४ टक्के.

७२ आणि ५४ म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. पण वेळेत तो १०० मीटरला ७ सेकंदांचा, किलोमीटरला ७० सेकंदांचा आहे. घनाचा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो: ताकद बरीच वाढवली तरी वेग थोडाच वाढतो. अर्ध्या किलोमीटरवर जाळे असलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटासाठी साखळी, गिअर आणि पंख्याचा खर्च करू नये. रोज ७-८ किलोमीटर जाऊन येणाऱ्याला तोच फरक खांद्यांच्या आयुष्याचा ठरतो.

खुंट्याला बांधून ओढ मोजणे

होडी खुंट्याला बांधायची, मध्ये काटा लावायचा आणि जोरात वल्हवून कुणाची ओढ जास्त ते बघायचे, अशी परीक्षा मोहात पाडते. तिने कार्यक्षमता कळत नाही. होडी जागची हलत नाही तेव्हा उपयोगी काम शून्य असते, सगळी ताकद पाणी घुसळण्यात जाते. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने रॅटलर हे पंख्याचे आणि अलेक्टो हे चाकाचे जहाज शेपटीला शेपटी बांधून ओढायला लावले. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. पंखा जिंकला खरा, पण रॅटलरच्या इंजिनाची ताकदही जास्त होती. ती परीक्षा पाहणाऱ्यांना पटवण्यापुरती ठीक होती. तुमच्या कामाला तिचा उपयोग एकच: समोरच्या वाऱ्यात होडी मागे न जाता किती तग धरेल याचा अंदाज येतो. वाऱ्याच्या २.४ किलो विरोधाच्या दुप्पट तरी ओढ खुंट्यावर मिळावी.

निवड करताना

पाणी दीड-दोन मीटरच्या आत असेल तर बांबू. ठरलेली ये-जा असेल तर दोर. रोजची मासेमारी, मधला पल्ला, तर मापात केलेली खुंटीतली वल्ही, आणि होडीत एक बांबू आडवा टाकलेला असावाच. खोल पाणी, लांब पल्ला, जलपर्णी नाही, अशा ठिकाणी पेडल-पंखा. पुराच्या वेळी गूळ शिजवायची काहील पाण्यात सोडून माणसे काढतात, तिच्यात बांबू किंवा काठावरून धरलेला दोर एवढेच चालते. गोल काहील वल्ह्याने जागच्या जागी फिरते.

पंखा लावणार असाल तर जाळ्यांचा विचार आधी करा. पंख्याचा दांडा बिजागरीवर बसवा, म्हणजे एका दोरीने तो पाण्याबाहेर उचलता येईल. पात्याच्या पुढे तिरकी सळई दिली तर जाळ्याचा दोर तिच्यावरून घसरून खाली जातो. तरीही गुंतलेच तर कापायला कोयता हाताशी ठेवा, पण आपले जाळे नसेल तर कापू नका. दांडा उचला, पंखा उलटा फिरवा आणि हाताने सोडवा.

शेवटची फेरी भरलेल्या होडीची करा. दोन माणसे, ओली जाळी आणि बर्फाची पेटी ठेवून ओढीचे माप पुन्हा घ्या आणि होडी किती बुडाली त्याची खूण रंगाने काठावर करा. रिकाम्या होडीत पुढे असलेली रीत भरल्यावर मागे पडू शकते. होडी खाली बसली की खुंट्या पाण्याजवळ येतात, वल्ह्याचा कोन बदलतो आणि परतीच्या झोक्यात पाते लाटेला लागते. तसे होत असेल तर खुंटीखाली ३ ते ५ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा घाला आणि चौथी पायरी पुन्हा करा.